पूरकाळात डॉक्टरांशी मोबाइलवरून बोलताना

प्रश्न : आमचे गाव शिरोळ तालुक्यात नदीकाठी आहे. मागच्या महापुरात निवारा केंद्रात असताना माझ्या जाऊबाईंची क्षयरोगाची औषधे संपत आली, तेव्हा घाईघाईत त्यांची चिठ्ठी आणि थुंकीच्या तपासणीचा रिपोर्ट गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला गेला. औषधे मिळाली, पण शेजारच्या बायका त्यांच्याकडे येईनाशा झाल्या. अशा वेळी डॉक्टरांशी मोबाइलवरून सुरक्षितपणे संपर्क कसा ठेवावा? घरात स्मार्टफोन एकच आहे.
– एक वाचक भगिनी, शिरोळ तालुका

उत्तर : क्षयरोगाच्या औषधांत खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो, त्यामुळे औषधांसाठी तुम्ही केलेली धावपळ योग्यच होती. प्रश्न आहे तो निरोप कोणाकडे गेला याचा.

व्हॉट्सॲप किंवा ‘सिग्नल’ या तशाच ॲपवरचा संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमधून कुलूपबंद होऊन निघतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. वाटेत तो कंपनीलाही वाचता येत नाही. परंतु शेकडो सदस्यांच्या ग्रुपवर टाकलेला रिपोर्ट तितक्याच फोनांत उघडतो आणि तिथून कोणीही तो पुढे ढकलू शकतो. माझ्या अनुभवात रुग्णाची माहिती फुटते ती बहुधा अशी, माणसांच्या हातून. म्हणून ग्रुपवर फक्त ‘एका रुग्णाला औषधे हवी आहेत, आरोग्यसेविकेने फोन करावा’ एवढेच लिहावे. नाव, आजार आणि कागद थेट आशाताईंना, आरोग्य केंद्राला किंवा डॉक्टरांनाच पाठवावेत. क्षयरुग्णांची नोंद ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीत असते. त्यातला क्रमांक जाऊबाईंनी जवळ बाळगला, तर गावापासून दूरच्या सरकारी केंद्रातही त्यांच्या उपचाराची माहिती पाहता येते आणि रिपोर्ट फिरवण्याची गरज बहुतेक उरत नाही.

डॉक्टरांनी मोबाइलवरून सल्ला देण्याला मान्यता आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार संदेश, फोन किंवा व्हिडिओ यांपैकी कोणत्याही मार्गाने सल्ला घेता येतो आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवता येतो. नोंद ठेवणे आणि गोपनीयता सांभाळणे ही जबाबदारी डॉक्टरांवर आहे. तेव्हा दवाखान्याचा क्रमांक घेताना ‘हा फोन कोण पाहतो?’ असे मोकळेपणाने विचारा. कंपाउंडर आणि रिसेप्शनवरची मंडळी एकच फोन हाताळत असतील, तर ते रुग्णाला आधी ठाऊक असले पाहिजे. हे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान होत नाही, आणि कोणाला तसे वाटले तर तो दोष रुग्णाचा नव्हे.

घरातल्या एकाच फोनची अडचण मोठी आहे. व्हॉट्सॲपमध्ये एखादे संभाषण वेगळ्या कुलपाखाली ठेवता येते, आणि ठरावीक मुदतीनंतर संदेश आपोआप पुसले जातील अशी सोयही आहे. डॉक्टरांच्या संभाषणाला हे कुलूप जरूर लावावे. बॅकअपचे, म्हणजे संभाषणाच्या साठवून ठेवलेल्या प्रतीचे, कुलूप मात्र सेटिंगमध्ये जाऊन स्वतंत्रपणे सुरू करावे लागते, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फोटो गॅलरीत आपोआप उतरत असतील तर तेही बंद करा, नाहीतर मुले खेळायला फोन घेतात आणि रिपोर्ट समोर येतो.

२०१९ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली, वीज गेली आणि फोन चार्ज करणेही कठीण झाले. इंटरनेट बंद असताना साधा एसएमएस पुष्कळदा पोहोचतो. पण त्याला वाटेत व्हॉट्सॲपसारखे कुलूप नसते, म्हणून त्यात आजाराचे नाव न लिहिता ‘औषधे दोन दिवसांची उरली आहेत, फोन करा’ एवढे पुरे. धाप लागणे, रक्ताची उलटी किंवा शुद्ध हरपणे असे काही घडले, तर मात्र गोपनीयतेचा विचार बाजूला ठेवून लगेच १०८ ला फोन करावा आणि आसपासच्या कोणाचीही मदत घ्यावी.

आणखी एक, जे तुमच्या पत्रात आले नाही. रिपोर्ट जाऊबाईंचा आहे. तो कोणाला दाखवायचा हे त्यांना विचारून ठरवा, आणि पावसाळ्याआधीच ठरवा. ग्रुपवरचा जुना रिपोर्ट काढून टाकण्याची विनंती ॲडमिनला करून पाहा, मात्र ज्यांनी तो उतरवून घेतला त्यांच्या फोनमधून तो जाणार नाही. शेजारणींशी बोलण्यासाठी आशाताईंना सोबत घ्या: नियमित औषधे घेणाऱ्या रुग्णाकडून संसर्गाची शक्यता बहुधा काही आठवड्यांतच खूप कमी होते, हे त्यांच्या तोंडून ऐकले तर अधिक पटेल.