आठवडी बाजारातल्या दुकानासाठी छोटं कर्ज घ्यावं का? धंदा खरंच वाढतो का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुमच्या वहिनी आठवड्याला चार बाजार करतात, मनिहारीचं म्हणजे बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे, माल यवतमाळहून उधारीवर येतो. आता एका फायनान्स कंपनीची माणसं पाच बायांचा ग्रुप करून प्रत्येकीला ४०,००० रुपये द्यायला तयार आहेत. घ्यावं का, आणि एवढ्या पैशात खरंच काही होतं का?

होतं. पण मनिहारीत पैसा नेमका कुठे कामाला येतो ते आधी बघा, कोणाकडून घ्यायचं ते नंतर. मी यवतमाळ जिल्ह्यातच एका ग्रामसंघाचं, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाचं, हिशोबाचं पुस्तक लिहिते. कोणाचं कर्ज कशात गेलं आणि किस्त कोणत्या महिन्यात अडली, हे त्या वहीत बरोबर दिसतं.

बांगड्यांचंच घ्या. भांडवल कमी असलं की बाई दोन-चार आणि दोन-सहा ही दोनच मापं ठेवते, कारण तीच जास्त खपतात. दोन-आठच्या हाताची बाई पालात (बाजारातल्या दुकानात) आली की हात पुढे करते, माप नाही म्हटल्यावर उठते आणि शेजारच्या पालात जाते. जाताना टिकल्यांचं पाकीट, पोरीची क्लिप, रबर सगळं तिकडेच घेते. गेलेलं गिऱ्हाईक एका डझनाचं नसतं. दुसरं, संक्रांतीनंतर लग्नसराई सुरू झाली की लग्नघरी बांगड्या भरायला बोलावणं येतं. घरच्या-पाहुण्यांच्या चाळीस-पन्नास बाया, सगळ्यांना हिरव्या, सगळी मापं, आणि पैसे लग्न उरकल्यावर. पेटीत तेवढा माल असेल तीच ते काम घेऊ शकते. ४०,००० मधले २०-२५ हजार मापं आणि हिरव्या बांगड्यांत घातले तर ते एका सिझनमध्ये फिरून हातात येतात. माझ्या मते मनिहारीवाल्या बाईसाठी कर्जाचा याहून चांगला उपयोग नाही.

आणि उधारी तुटते, हा फायदा तर बाया सगळ्यात आधी सांगतात. ठोकवाला उधारीवर व्याज लावत नाही असं वाटतं, पण ते भावात असतंच. वर माल तो देईल तो घ्यायचा, न खपलेली डिझाइन आधी उधारीवाल्याच्या पिशवीत. आमच्या गटातली एक बाई म्हणते, “नगद पैसा हातात असला का ठोकवाला चहा पाजते, उधारीवाल्याले बसा बी म्हणत नाही.”

भाजीवाल्या बायांचं गणित याहून कडक असतं. सकाळी हर्रासात (लिलावात) माल घ्यायला २,००० रुपये उचलायचे आणि संध्याकाळी बाजार उठल्यावर २,१०० परत द्यायचे, हे तुम्हीही पाहिलं असेल. शंभरच रुपये, म्हणून कोणाला टोचत नाही. आठवड्याला चार बाजार धरले तर महिन्याला साधारण १,६०० रुपये झाले, तेही २,००० च्या मुद्दलावर. तीच रक्कम बचत गटातून महिन्याला शेकडा दोनने घेतली तर महिन्याचं व्याज ४० रुपये. सांबार (कोथिंबीर)-वांग्याच्या ढिगाऱ्यामागे बसलेल्या बाईला धंदा न वाढवताही हे पैसे वाचतात.

आता दुसरी बाजू. हैदराबादच्या १०४ वस्त्यांमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मकर्जाचा मोठा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये छापून आला. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी धंद्यात पैसा वाढवला, पण घरखर्चाच्या मानाने पाहिलं तर सरासरी कुटुंब काही वर आलं नाही. आपल्याकडच्या वह्या चाळल्या तर याचं नवल वाटत नाही. कर्ज बांगड्यांच्या नावावर निघतं आणि जूनमध्ये कपाशीच्या बियाण्यात, डीएपी खताच्या पोत्यात जातं. घर एकच, पैसा एकच, दोष कोणाला देणार? पण शेताचा पैसा दिवाळीनंतर येतो आणि किस्त जुलैपासून सुरू होते. मग ती बांगड्यांच्या गल्ल्यातून भरायची, आणि गल्ला रिकामा झाला की माल पुन्हा उधारीवर. म्हणजे होतं त्याच्याही मागे.

म्हणून घेण्याची वेळ बघा. इकडे लोकांच्या हातात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस वेचणीला लागल्यावर. तेव्हापासून लग्नसराई संपेपर्यंत बाजार भरतो. पावसाळ्यात एखादा बाजार चिखलात पार धुऊन जातो, फक्त पोळा आणि महालक्ष्म्या थोडा हात देतात. कर्ज दिवाळीच्या दीड-दोन महिने आधी हातात आलं तर माल भरायला सवड मिळते. कोलकात्यात एका अभ्यासात काही बायांना पहिली किस्त दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी भरायची सूट दिली. त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि नफाही जास्त झाला. थकबाकीही वाढली हे खरं, म्हणून कंपन्या अशी सूट सहसा देत नाहीत. गटात मात्र बैठकीत मांडून किस्तीची तारीख मागे-पुढे करून घेता येते.

आता ते ४०,०००. कंपनीचा दर वर्षाला २४ टक्के धरला आणि मुदत २४ महिने, तर किस्त साधारण २,११५ रुपये बसते आणि व्याज पावणेअकरा हजारांच्या आसपास जातं. गटातून महिन्याला शेकडा एकने तीच रक्कम तेवढ्याच मुदतीला घेतली तर किस्त १,८८५ च्या आसपास आणि व्याज सव्वापाच हजारांच्या आत. शिवाय गटाचं व्याज गटातच राहतं. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) महिला गटांना तीन लाखांपर्यंतचं बँक कर्ज वर्षाला ७ टक्क्यांनी मिळतं, तिथून गट आपल्या सभासदांना देतो. कंपनी प्रोसेसिंग फी आणि विमा आधीच कापते, त्यामुळे हातात ४०,००० येतच नाहीत. किती येतील ते विचारा.

तरी कंपनीचंच घ्यायचं झालं तर रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ पासूनचे नियम वहिनींना माहीत असू द्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलं की हे कर्ज तारण न ठेवता द्यायचं असतं. घरातल्या सगळ्या कर्जांच्या किस्ती मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. दर आणि सगळे खर्च लिहिलेला कागद द्यावाच लागतो. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. आणि ग्रुपमधल्या इतर चौघी कोण आहेत ते बघा. एकीची किस्त अडली की बाकीच्यांना बसवून ठेवतात. एखादीने आधीच दोन-तीन कंपन्यांचं घेतलेलं असेल तर ती नव्या कर्जातून जुनी किस्त भरणार, हे उघड आहे. अशा ग्रुपमध्ये नाव घालू नका.

पीएम स्वनिधी ही केंद्राची कर्ज योजना मूळची शहरी हद्दीतल्या फेरीवाल्यांसाठी आहे. पण वहिनींचा एखादा बाजार नगरपंचायत किंवा नगरपालिकेच्या हद्दीत भरत असेल तर तिथून शिफारस पत्र मिळतं का ते विचारा. २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,०००, ते वेळेत फेडलं की २५,००० आणि पुढे ५०,००० असं आहे, आणि वेळेवर भरणाऱ्याला व्याजात ७ टक्के सूट. केंद्राच्या मुद्रा कर्ज योजनेतल्या शिशु प्रकारात ५०,००० पर्यंत तारण लागत नाही, पण शाखेत चकरा मारायची तयारी ठेवा.

वहिनी कोणत्या गटात आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील तर गावच्या सीआरपी ताईंना (उमेदचं काम गावात बघणाऱ्या ताईंना) भेटा. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब नियमित असला तर नव्या गटाला तीन महिन्यांनी फिरता निधी आणि सहा महिन्यांनी बँकेचं कर्ज मागता येतं. म्हणजे या दिवाळीच्या मालाला ते पुरणार नाही, पण संक्रांतीनंतरच्या हिरव्या बांगड्यांना पुरू शकतं. तोवर कंपनीकडून घ्यायचंच असेल तर ४०,००० ऐवजी १५-२० हजार मागा, ते कमी देत असतील तर. देत नसतील तर थांबा.