अपघातग्रस्त मोटार घरी दुरुस्त करताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझ्या मोटारीची पुढची डावी बाजू दुभाजकावर आदळली. बंपर, बॉनेट, डावा फेंडर आणि हेडलाइट निकामी झाले, रेडिएटर फुटला आणि समोरच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. विमा कंपनीने ‘पूर्ण नुकसान’ ठरवून रक्कम दिली व गाडी माझ्याकडेच राहू दिली. अधिकृत सेवाकेंद्राने मात्र दुरुस्ती हाती घेण्यास नकार दिला. ब्रेक आणि सस्पेन्शनची कामे मी अनेक वर्षे स्वतः करतो, माझ्याकडे मिग वेल्डिंगचे यंत्र आहे, आणि तशाच एका भंगारात गेलेल्या गाडीचे बहुतेक भाग मला मिळू शकतात. सेवाकेंद्राच्या मदतीशिवाय ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येईल का? सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आणता येण्याची शक्यता आहे, पण ते तुम्ही दिलेल्या यादीवरून ठरणार नाही, कारण त्या यादीत बाहेरून दिसणारे नुकसानच आले आहे. म्हणून भंगारातला एकही भाग विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी करा. पहिली, ‘पूर्ण नुकसान’ ठरलेली गाडी पुन्हा वापरात आणण्यासाठी कोणती तपासणी लागते आणि तिचा विमा पुन्हा उतरवला जाईल का, याची लेखी माहिती मिळवा. दुसरी, गाडी मोजा.

मोजण्यासाठी उत्पादकाच्या दुरुस्तीपुस्तिकेतला सांगाड्याच्या मापांचा तक्ता लागतो. ही पुस्तिका अनेक उत्पादक स्वतंत्र गॅरेजांना आपल्या संकेतस्थळावर थोड्या मुदतीच्या वर्गणीत देतात; युरोपीय संघात तर तासाच्या किंवा दिवसाच्या हिशेबाने ती उपलब्ध करून देणे नियमानेच बंधनकारक आहे. गाडी सपाट जमिनीवर चार भक्कम स्टँडवर समतल ठेवावी, तक्त्यातल्या प्रत्येक बिंदूपासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी आणि मग खुणांमधली अंतरे व कर्ण मोजावेत. मोजमापाची सुरुवात धडक बसलेल्या टोकापासून करू नये. प्रवासी कक्षाखालचा मधला भाग सहसा हललेला नसतो, त्याची मापे तक्त्याशी जुळली की तोच आधार धरून पुढे सरकावे. उंचीही तपासावी, कारण पुढचा मेंबर (सांगाड्याची पुढे जाणारी लांब तुळई) आत न जाता नुसता वर उचलला गेला असेल तर जमिनीवरच्या खुणा ते दाखवत नाहीत. पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली नसेल तर 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक हा सांगाडा हलल्याचा पुरावा समजावा. डावीकडच्या धडकेने उजवा मेंबरही तिरका होऊ शकतो, त्यामुळे दोन्ही बाजू मोजणे अनिवार्य आहे.

मापे बरोबर आली आणि फक्त बोल्टने बसवलेले भाग गेले असतील, तर पत्र्याचे बरेचसे काम तुमच्या आवाक्यातले आहे. बंपरमागची आडवी पट्टी आणि तिच्या टोकांचे दबणारे डबे ठोकून सरळ करू नयेत, ते बदलावेत. एकदा दुमडलेला डबा पुढच्या धडकेत ठरल्याप्रमाणे दुमडत नाही. सस्पेन्शनचे तुम्ही जाणकार आहात, तरी डाव्या चाकाचा नकल (चाकाचा हब धरणारा भाग), कंट्रोल आर्म आणि स्टिअरिंगची रॉड वाकलेली दिसत नसली तरी मापूनच निर्णय घ्यावा, आणि एकदाच वापरायचे म्हणून पुस्तिकेत नोंदलेले बोल्ट नवेच घ्यावेत.

मापे चुकली तर मात्र तुमचे वेल्डिंग यंत्र बाजूला ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. आजच्या अनेक गाड्यांचे पिलर (छत पेलणारे खांब) आणि त्यांना जोडणारे काही भाग बोरॉनयुक्त पोलादाचे असतात. हा पत्रा सुमारे 900 अंश सेल्सिअसला तापवून साच्यातच दाबतात व तिथेच झटकन थंड करतात, त्यामुळे त्याची ताणशक्ती सुमारे 1500 मेगापास्कल होते. साध्या पत्र्याची ती 300 च्या आसपास असते. असा पत्रा गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केला की ही ताकद निघून जाते आणि गार असताना ओढला तर त्याला तडे जाऊ शकतात. दिसायला मात्र तो पूर्वीसारखाच दिसतो, आणि धोका आहे तो इथेच. पुढचे मेंबर तुलनेने मऊ असतात, पण त्यांची घडी कुठे पडावी हे खाचा आणि छिद्रे ठेवून आधीच ठरवलेले असते. त्यावर मजबुतीसाठी जाड पट्टी वेल्ड केली तर घडी दुसरीकडे पडते आणि धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत वेगळ्या रीतीने पोहोचतो. समोरची एअरबॅग उघडायची की नाही हा निर्णय काही मिलिसेकंदांत त्याच धक्क्याच्या स्वरूपावरून होत असल्यामुळे पत्र्याचे हे काम एअरबॅगच्या वेळेशीही बांधलेले आहे. कारखान्यातला जोड स्पॉट वेल्डचा, म्हणजे ठिपक्यांसारख्या टाक्यांचा, आणि पुष्कळदा त्यासोबत चिकटद्रव्याचाही असतो. कुठे कापायचे, किती टाके द्यायचे आणि मिग वेल्डिंग कुठे चालेल, हे पुस्तिका सांगते. एवढे काम मोजणीचा बेंच आणि स्पॉट वेल्डिंगचे यंत्र असलेल्या स्वतंत्र गॅरेजकडे द्यावे. त्यासाठी सेवाकेंद्राची गरज नाही.

आता एअरबॅगविषयी. कामाआधी बॅटरीची ऋण तार काढावी आणि पुस्तिकेत दिलेली काही मिनिटांची वेळ थांबावे, कारण एअरबॅगच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातला कपॅसिटर तेवढा काळ चार्ज धरून ठेवतो. पिवळ्या कनेक्टरांच्या तारांना मल्टिमीटर लावू नये. मोजण्यासाठी सोडलेला त्याचा क्षीण प्रवाहसुद्धा न उघडलेली एअरबॅग पेटवू शकतो. बदलायच्या भागांत दोन्ही एअरबॅग, धडकेच्या क्षणी आवळले गेलेले सीटबेल्ट त्यांच्या संपूर्ण यंत्रणेसह, पुढचा धक्का-सेन्सर, नियंत्रक आणि बहुतेक वेळा डॅशबोर्ड येतात. स्टिअरिंगखालचा फिरता वायर-वेटोळाही तपासावा लागतो. नियंत्रकात अपघाताची नोंद कायम होते आणि ती पुसून तोच नियंत्रक परत देणारे लोक आहेत. मी तो मार्ग सुचवत नाही. नोंद पुसल्याने डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा इशारा-दिवा विझतो, पण एअरबॅग पेटवणारे परिपथ शाबूत आहेत याची खात्री होत नाही. एअरबॅगच्या जागी रेझिस्टर जोडून दिवा विझवणे तर प्रवाशांची उघड फसवणूक आहे.

भंगारातली एअरबॅग घेऊच नये. टाकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरांमधले अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणामुळे कालांतराने बिघडत गेले, त्यांची धातूची आवरणे फुटून तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसले, आणि जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांपैकी एखादी एअरबॅग भंगारातून तुमच्या स्टिअरिंगमध्ये येऊ शकते, आणि पाण्यात बुडालेल्या गाडीची एअरबॅगही बाहेरून नवीसारखीच दिसते. हेडलाइट, फेंडर, रेडिएटर भंगारातून खुशाल घ्या; एअरबॅग आणि सीटबेल्ट नवेच असू द्या.

सेवाकेंद्राची उणीव खरी जाणवते ती सॉफ्टवेअरच्या टप्प्यावर. गाडीतल्या दोष तपासण्याच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लागणारा स्वस्त रीडर बहुधा इंजिनाचेच दोष वाचतो. एअरबॅग, ब्रेक आणि स्टिअरिंगचे नियंत्रक वाचणारा पूर्ण स्कॅन गाडी सोडवण्याआधी एकदा आणि सर्व भाग जोडल्यावर पुन्हा करून दोन्ही अहवाल जपून ठेवावेत. काही उत्पादकांचे नियंत्रक गाडीच्या ओळखक्रमांकाशी बांधलेले असतात आणि उत्पादकाच्या सर्व्हरने मोकळे केल्याखेरीज दुसऱ्या गाडीत चालत नाहीत. म्हणून भंगारातला कोणताही इलेक्ट्रॉनिक भाग घेण्यापूर्वी हे तपासावे. कोडिंगसाठी, म्हणजे नवे नियंत्रक गाडीशी जुळवण्यासाठी, उत्पादकाची अल्पमुदतीची वर्गणी आणि संगणक गाडीला जोडणारे जे-2534 प्रकारचे जोडयंत्र पुष्कळ गाड्यांना पुरते. ही वर्गणी भाग येण्याची वाट पाहण्यात संपू नये म्हणून सारे जोडून झाल्यावरच घ्यावी.

शेवटच्या जुळणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सांगाडा, मग चाकांचे अलाइनमेंट, मग स्टिअरिंग कोनाच्या सेन्सरचे शून्यस्थान, आणि त्यानंतर काचेमागचा कॅमेरा व रडार असल्यास त्यांचे कॅलिब्रेशन, कारण गाडी सरळ कोणत्या दिशेला जाते हे चाकांवरून ठरते आणि कॅमेरा व रडार त्या दिशेला जुळवायचे असतात. एका अंशाची चूक 100 मीटरवर सुमारे पावणेदोन मीटर भरते. तेवढ्याने शेजारच्या लेनमधली गाडी स्वतःच्या लेनमध्ये आहे असा समज होऊन ब्रेक लागू शकतात. कॅमेरा-रडार जुळवण्याचे फलक, सपाट जागा आणि योग्य यंत्रे असलेल्या ठिकाणीच हे काम करून घ्यावे.

प्रश्न : बंपरला चीर गेली होती. ती मी घरी प्लॅस्टिक वेल्डिंगने सांधली, वरून पुट्टी भरून चंदेरी मेटॅलिक रंग दिला. तेव्हापासून पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल मध्येच बंद पडतो. रडार तर तुटलेले नाही. कारण काय असावे?

उत्तर : तुमच्या गाडीचे रडार बंपरमागे असेल तर कारण बहुधा तुमच्या दुरुस्तीतच आहे. ही रडारे 77 गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात आणि त्या लहरींची लांबी सुमारे 4 मिलिमीटर असते, त्यामुळे समोरच्या प्लॅस्टिकच्या आणि रंगाच्या जाडीतला थोडा फरकही त्यांना अडवतो किंवा वळवतो. पुट्टीचा थर, सांध्याचा उंचवटा आणि मेटॅलिक रंगातले धातूचे कण एकाच जागी आले तर रडारला समोरचे धड दिसत नाही. म्हणूनच रडारसमोरच्या भागात वेल्डिंग किंवा पुट्टी करण्यास अनेक उत्पादक मनाई करतात आणि रंगाच्या जाडीलाही मर्यादा घालतात. चीर त्या भागात असेल तर बंपरच बदलावा आणि उत्पादकाने सांगितलेल्या जाडीत रंग द्यावा. नवा बंपर बसवण्यापूर्वी रडारचा ब्रॅकेट वाकलेला नाही हे पाहावे आणि त्यानंतर कॅलिब्रेशन करून घ्यावे. ते होईपर्यंत क्रूझ कंट्रोल वापरू नये, आणि आपोआप लागणाऱ्या ब्रेकवरही विसंबून राहू नये, कारण अनेक गाड्यांत तेही याच रडारवर चालतात.