वाचकांचे प्रश्न : ॲसिटिलीनची ज्योत आणि सिलिंडर

प्रश्न : जळताना प्रोपेन ॲसिटिलीनपेक्षा जास्त उष्णता देतो, असं वाचलं. मग पोलाद जोडायला ॲसिटिलीनच का?

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) प्रोपेन सुमारे 2,220 किलोज्यूल देतो, ॲसिटिलीन 1,300. पण जोडकामात उष्णता एका बिंदूवर किती एकवटते याला महत्त्व असतं. ॲसिटिलीनच्या रेणूत दोन कार्बन तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि मोलमागे सुमारे 227 किलोज्यूल ऊर्जा त्यात आधीच साठलेली असते. जळताना तीही मोकळी होते, आणि धूरवायू कमी तयार होत असल्याने ते जास्त तापतात. ऑक्सिजनबरोबर ॲसिटिलीनची ज्योत 3,100 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, प्रोपेनची 2,800 च्या. शिवाय ॲसिटिलीनच्या ज्योतीत आत जो चमकता शंकू दिसतो, त्याच्यापुढे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतात. वितळलेल्या पोलादाला ते हवेपासून जपतात. प्रोपेनच्या ज्योतीत हे संरक्षण मिळत नाही, म्हणून पोलादाच्या जोडाला ती नको. कापायला आणि तापवायला प्रोपेन उत्तम चालतो, फक्त ऑक्सिजन बराच जास्त लागतो.

प्रश्न : टॉर्च पेटवली की काजळी उडते, आणि काम करताना मधूनच ‘फट्’ आवाज होऊन ज्योत विझते. काय चुकतं?

उत्तर : काजळी उडते ती ऑक्सिजन अपुरा असल्यामुळे. आधी ॲसिटिलीनची झडप थोडी उघडून पेटवा, धूर थांबेपर्यंत वायू वाढवा, मग ऑक्सिजन हळूहळू सोडा. आतल्या शंकूभोवती पिसासारखी फिकट झालर दिसते. ती आखडत जाऊन शंकूत मिसळली की थांबा, ही उदासीन ज्योत, म्हणजे जिच्यात ना ॲसिटिलीन जास्त ना ऑक्सिजन. त्यापुढे ऑक्सिजन वाढवला तर शंकू टोकदार होतो, ज्योत फुसफुसते आणि पोलाद जळतं. शंकूचं टोक कामापासून 2 ते 3 मिलिमीटरवर ठेवा.

‘फट्’ होतं ते वायूचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा कमी पडल्यामुळे. दाब कमी असणं, नॉझल तापणं, त्यात कचरा अडकणं किंवा ते कामाला टेकणं, ही नेहमीची कारणं. पण टॉर्चच्या आतून सतत तीक्ष्ण शिट्टी ऐकू आली तर ज्योत मागे शिरली आहे. तत्काळ ऑक्सिजनची झडप बंद करा, लगेच ॲसिटिलीनची, मग दोन्ही सिलिंडरच्या. कारण सापडेपर्यंत पुन्हा पेटवू नका. रेग्युलेटरजवळ (सिलिंडरचा दाब कमी करून देणारं उपकरण) फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे मागे शिरलेली ज्योत अडवणारं साधन, बसवलेला नसेल तर टॉर्च वापरूच नये, असं आम्ही ठामपणे सांगू.

प्रश्न : ॲसिटिलीनचा सिलिंडर आडवा का ठेवायचा नाही? आणि दाब 1 बारच्या (बार हे दाबाचं एकक) वर का नेऊ नये?

उत्तर : दोन्हींचं मूळ त्याच साठलेल्या ऊर्जेत आहे. दाबाखालचा मोकळा ॲसिटिलीन ऑक्सिजन नसतानाही फुटून कार्बन आणि हायड्रोजन होऊ शकतो, आणि तो स्फोटच असतो. म्हणून रेग्युलेटरच्या पुढे दाब 1 बारपेक्षा, म्हणजे 15 पीएसआयपेक्षा, जास्त चढवायचा नाही. सिलिंडरात मात्र तो सुमारे 15 बारवर असतो, कारण आत सच्छिद्र भराव आणि त्यात मुरलेलं ॲसिटोन असतं. वायू त्यात विरघळून राहतो, आणि भरावाच्या बारीक छिद्रांमुळे विघटन पसरत नाही.

सिलिंडर आडवा वापरला तर वायूबरोबर ॲसिटोन बाहेर येतं. ज्योतीचा रंग बिघडतो, नळ्या खराब होतात आणि आतला वायू असुरक्षित होतो. आडवा आणलेला सिलिंडर उभा करून काही तास तसाच ठेवा. वायू घाईने ओढला तरी ॲसिटोन येतं. सततच्या कामात तासाला एकूण साठ्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त काढू नका : 6 घनमीटरच्या सिलिंडरमधून 600 लिटर. मोठं नॉझल लावायचं असेल तर दोन सिलिंडर जोडा. शिल्लक किती हे दाबमापकावरून नीट कळत नाही, कारण तापमान बदललं की आकडा बदलतो. वजन करा. एक घनमीटर वायू म्हणजे सुमारे 1.1 किलो.

सिलिंडरची झडप एक-दीड फेऱ्यापेक्षा जास्त उघडू नका आणि चावी तिच्यावरच ठेवा. जोडणीत शुद्ध तांब्याची नळी कधीही नको. तांब्यावर कॉपर ॲसिटिलाइड धरतं आणि ते सुकल्यावर धक्क्यानेही फुटतं. 70 टक्क्यांपेक्षा कमी तांबं असलेलं पितळ चालतं. गळती साबणाच्या पाण्याने पाहा.

प्रश्न : कार्बाइडवर (कॅल्शियम कार्बाइड, ज्यापासून पाण्याने ॲसिटिलीन निघतो) पाणी टाकलं की लसणासारखा वास येतो. तो ॲसिटिलीनचाच का?

उत्तर : नाही. शुद्ध ॲसिटिलीनला जेमतेम वास असतो. हा वास मुख्यतः फॉस्फिनचा. कार्बाइडमध्ये मिसळलेलं कॅल्शियम फॉस्फाइड पाण्याशी मिळून तो विषारी वायू देतं. गळती पटकन कळते, हा त्याचा उपयोग. 64 ग्रॅम शुद्ध कार्बाइडमधून 26 ग्रॅम ॲसिटिलीन निघतो आणि विरलेला चुना उरतो. या प्रक्रियेत उष्णता खूप निर्माण होते, म्हणून उघड्या भांड्यात मूठभर कार्बाइडवर पाणी ओतणं धोक्याचं. हवेत 2.5 टक्के वायू झाला की ठिणगीने भडका उडतो. कार्बाइडचा डबा कोरडा आणि घट्ट बंद ठेवा. पाणी शिरल्याचा संशय असेल तर तो मोकळ्या हवेत, ठिणगी न उडवणाऱ्या अवजाराने उघडा.