हळदीचा अर्क आणि ‘हरित’ द्रावक

प्रश्न : हळदीच्या अर्काच्या गोळ्यांच्या वेष्टनावर ‘हरित द्रावकाने काढलेला’ असे छापलेले दिसले. हा काय प्रकार आहे? साध्या पाण्याने अर्क निघत नाही का? – एक वाचक, सांगली

उत्तर : हळदीतील कुर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे हळदीने पिवळे झालेले बोट पाण्याने धुऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून कारखान्यांत ॲसिटोन, हेक्झेन यांसारखी पेट्रोरसायनांपासून बनणारी द्रावके (पदार्थ विरघळवून घेणारे द्रव) वापरतात आणि नंतर ती वाफ करून काढून टाकतात. तरीही त्यांचा अंश मागे राहू शकतो. अमेरिकेत मसाल्यांच्या ओलिओरेझिनमध्ये (तेल आणि राळ असलेल्या दाट अर्कात) हेक्झेनची मर्यादा दहा लाख भागांमागे २५ भाग अशी आहे.

हरित द्रावके म्हणजे कमी विषारी, शक्यतो वनस्पतिजन्य आणि पुन्हा वापरता येणारी द्रावके. उसाच्या मळीपासून मिळणारे इथेनॉल हे त्यांतले सर्वांत व्यवहार्य. दुसरे म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली वायूसारखा शिरतो व द्रवासारखा विरघळवतो. दाब काढताच तो निघून जातो. मात्र त्यात हळदीचे सुगंधी तेल छान उतरते, तर कुर्क्युमिन इथेनॉलची जोड दिल्याशिवाय फारसे येत नाही. कोलीन क्लोराइड व लॅक्टिक आम्ल यांच्या मिश्रणासारखी नवी द्रावके कुर्क्युमिन चांगले विरघळवतात. पण ती दाट असतात, उडून जात नाहीत, आणि त्यांतून अर्क वेगळा करणे हीच खरी डोकेदुखी ठरते.

वेष्टनावरच्या ‘हरित’ शब्दावर मी तरी विसंबणार नाही. द्रावकाचे नाव आणि कुर्क्युमिनचे प्रमाण छापले आहे का, ते पाहावे.