शेततळ्यातले मासे आणि नदीचे पाणी

प्रश्न (कुही तालुका) : आंभोऱ्याजवळ शेततळे आहे. उन्हाळ्यात मोटरने नदीचे पाणी घेतो. रोहू, कटला, मृगळ सोडलेत. शेजारी पऱ्हाटीवर फवारणी होते, पण मासा एकही मेला नाही. खायला हरकत नाही ना?

उत्तर : भाऊ, मासे मेले नाहीत यावरून विषाचा एकदम मारा झाला नाही, एवढेच कळते. हळूहळू साठणारे विष माशाला मारत नाही. तो चांगला पोसलेलाही दिसतो. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि पुढे आंभोऱ्याला वैनगंगेत येते, म्हणून जपलेलेच बरे.

फवारणीची पाण्यात सहज विरघळणारी औषधे माशाच्या अंगातून बरीचशी बाहेर पडतात. डीडीटीसारखी चरबीत मुरणारी मात्र वर्षानुवर्षे राहतात. पाऱ्याचे त्याहून वाईट. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात. तो थेट मांसात बसतो. धुऊन, तळून, शिजवून जात नाही. जपानमध्ये मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला आजार अशाच माशांमुळे झाला होता.

कटला वरच्या थरात चरतो, मृगळ तळाशी. त्यामुळे गाळातले विष मृगळाच्या पोटात आधी जाते. नदीच्या पाण्याबरोबर मरळ आली असेल तर ती लहान मासे खाते आणि त्यांच्या अंगातला साठाही घेते. जुनी, मोठी मरळ सर्वांत धोक्याची.

आपल्याकडचे चुनखडीचे जड पाणी शिसे आणि कॅडमियम हे विषारी जड धातू कल्ल्यांतून फारसे आत जाऊ देत नाही, हे आपले नशीब. पण उन्हाळ्यात पाणी आटते, तापते, मासा जास्त श्वास घेतो, जास्त खातो, म्हणून विषही जास्त आत जाते. नेमके तेव्हाच तुम्ही नदीचे पाणी भरता. ते थांबवा, तळे पावसाच्या पाण्यावर भरा. पऱ्हाटीच्या वावरातले वाहते पाणी बांध घालून बाहेर वळवा. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका. माशाचे काळीज, कल्ले, आतडी खाऊ नका, लेकरांना तर मुळीच नको.

तळे आटले की गाळ काढा, पण तपासल्याशिवाय भाजीच्या वाफ्यात टाकू नका. नेहमीच्या मृदा आरोग्य पत्रिकेत शिसे-कॅडमियमची तपासणी नसते. प्रयोगशाळेत नमुना देताना जड धातूंसाठी वेगळे सांगा.