दारू सोडायची आहे, पण सभेला जायचा संकोच वाटतो

प्रश्न : माझे यजमान सातपूरच्या कारखान्यात आहेत. दारू सोडायची त्यांची तयारी आहे. पण दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभेत ओळखीचे कोणी भेटेल म्हणून ते जात नाहीत. काय करावे?
– एक भगिनी, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, ज्या ओळखीच्या माणसाची त्यांना धास्ती वाटते, तोही तिथे दारू सोडायलाच आलेला असेल. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्यांच्या संघटनेच्या सभेत केवळ पहिले नाव सांगतात, ऐकलेले बाहेर बोलत नाहीत, बोलण्याची सक्ती नसते आणि फीही नसते. दारू सोडण्याची इच्छा ही सभासदत्वाची एकमेव अट १९३५ पासूनच्या या चळवळीत आजही आहे. तरीही अवघड वाटल्यास घराजवळची सभा सोडून पंचवटी किंवा नाशिकरोडकडची शोधावी. पत्ता एएच्या संकेतस्थळावर पाहावा, मात्र निघण्यापूर्वी फोन करून वेळेची खात्री करावी. पहिल्यांदा ‘खुली’ सभा निवडल्यास आपल्यालाही सोबत बसता येईल.

ते रोज पीत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारू एकदम बंद करू नये, कारण त्यामुळे थरथर, भ्रम, फिट असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. उपचारांची माहिती १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर मोफत मिळते.

आपल्यासाठी ‘अल-अनॉन’ हा कुटुंबीयांचा स्वतंत्र गट आहे. यजमान गेले नाहीत तरी आपण अवश्य जावे.