जुळा संच कुठे आहे?

चि. मुलीस, आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. रॉकेटबरोबर प्रथिनाचे स्फटिक कक्षेत वाढवायची पेटी गेली, तीन वर्षांचे काम गेले, आता पुन्हा अर्ज करावा की विषयच बदलावा, असे तू विचारतेस. परंतु पेटीत भरलेल्या प्रथिनाच्या द्रावणाचा जुळा संच जमिनीवर ठेवला होता की नाही, याविषयी चार पानांत एक ओळ नाही. माझा पहिला प्रश्न तोच आहे.

जमिनीवर वाढत्या स्फटिकालगतचे द्रावण विरळ होते, हलके होऊन वर चढते आणि त्या प्रवाहाने वाढीत ढवळाढवळ होते; कक्षेत तो प्रवाह जवळजवळ थांबतो, म्हणून तर आपला एवढा खटाटोप. मग त्याच बाटलीतले द्रावण, त्याच तापमानाला, तेवढेच दिवस येथे ठेवलेले नसेल, तर पेटी सुखरूप परतली असती तरी तू तुलना कशाशी करणार होतीस?

रॉकेटवर रागावू नकोस. २३ ऑक्टोबर १९९५ रोजी अमेरिकेतील वॉलॉप्स बेटावरून असेच प्रयोग घेऊन निघालेले खासगी कोनेस्टोगा रॉकेट ४६ सेकंदांत फुटले. कमी वारंवारतेच्या गोंगाटाने मार्गदर्शन यंत्रणा गोंधळली, गरज नसताना दिशा सुधारत राहिली आणि नोझल, म्हणजे ज्वाळा बाहेर सोडणारे तोंड, वळवणारे हायड्रॉलिक तेल संपले. प्रयोग करणाऱ्यांचा त्यात काय दोष? तिकडच्याच एका शाळेतील मुलांचा प्रयोग ऑक्टोबर २०१४ मध्ये अँटारीस रॉकेटबरोबर जळाला. तो त्यांनी पुन्हा रचला आणि जून २०१५ मध्ये फाल्कन ९ रॉकेटबरोबर तोही गेला. वर पाठवले ते गेलेच असे धरून चालावे, आणि म्हणूनच जुळा संच हवा.

हे सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, ते तुला ठाऊक नाही. माझा जुळा संच होता. तळमजल्यावर, मूळ संचाच्याच कपाटात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दोन्ही संच एकाच चिखलात सापडले. जागा नव्हती, दुसऱ्या फ्रीजचे पैसे मंजूर झाले नव्हते, हे मी आजही सांगतो आणि ते खरेही आहे. मात्र शेजारच्या इमारतीतील मित्राकडे एक कप्पा रिकामा होता आणि भीड वाटून मी विचारले नाही, हे मी फारसे कुणाला सांगितलेले नाही.

तेव्हा संच असेल, तर ठरलेले दिवस पुरे होईपर्यंत त्याला हात लावू नकोस आणि रोजचे तापमान लिहीत जा. नसेल, तर अर्ज नंतर. आधी संच, तोही दुसऱ्या इमारतीत. रविवारी दुपारी दादरला ये, मी घरीच आहे. येताना नोंदवही आण. उगाच पेढे आणू नकोस, मला चालत नाहीत.